यादी

या सदरात आजवर मी डासांवर लिहिले, भाडेकरूंवर लिहिले, आणि एकदा शेजारच्या घरातल्या पेटीवादनावर लिहून शेजाऱ्यांचा सहा महिन्यांचा अबोला पत्करला. सिनेमावर मात्र कधी लिहिले नाही. सिनेमातले मला काही कळत नाही, हे त्याचे कारण. मध्यंतरात खारे दाणे खावेत, नायक-नायिकेचे जमले की पायाने चपला चाचपाव्यात आणि गर्दीच्या आधी स्टँडवरून सायकल काढावी, इतकाच माझा त्या कलेशी संबंध. तेव्हा यंदाच्या दिवाळी अंकासाठी सिनेमावर लिहायला बसलो आहे, ते काही रसिक म्हणून नव्हे. गेल्या दिवाळीत घरी एक सिनेमा पाहिला आणि त्या रात्री मला झोप आली नाही, म्हणून.

आम्ही राहतो नागापूरला. नगरातून मनमाड रस्त्याने निघाले, सावेडी मागे टाकली आणि सीनेवरचा पूल ओलांडला, की आमचे गाव. सरकारदरबारी २०२४ सालापासून शहराचे नाव अहिल्यानगर झाले आहे. पण कंडक्टरपुढे पैसे धरताना आमच्या तोंडून अजून ‘एक नगर’ असेच निघते. मी इथे आलो तेव्हा घरामागे ज्वारी उभी असायची आणि पावसाळ्यात साप घरात यायचे. साप दिसला की आमची आई काठी शोधायच्या आधी ‘आस्तिक, आस्तिक’ असे म्हणायची. आता मागे ज्वारी नाही, औद्योगिक वसाहत आहे. रात्री गच्चीवर उभे राहिले की कारखान्यांच्या दिव्यांची रांग दिसते. त्यांतल्याच एका कारखान्याच्या भांडारात मी चौतीस वर्षे काढली. त्याचा या मजकुराशी संबंध आहे. तो पुढे येईल.

वसुबारसेच्या संध्याकाळी चिरंजीव पुण्याहून आले. पूर्वी मुले सुट्टीला घरी येत ती मळके कपडे आणि भूक घेऊन येत. हल्ली त्याबरोबर एक काळी डबीही आणतात. ती टीव्हीच्या पाठीत खुपसली, की जगातला कुठलाही सिनेमा घरबसल्या हजर. जेवणे उरकली. ही करंज्यांचे ताट घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसली. ती तिची राखीव जागा आहे. तिथून गॅसवरचे दूधही दिसते आणि टीव्हीही.

“बाबा, तुम्ही सूडाचा पिक्चर कधी बघितलाय?” चिरंजीवांनी विचारले.

“हा काय प्रश्न झाला? ‘शोले’ पाहिलाय. चार वेळा.”

“मग आज हा बघा. आई, तू आत बस हं. यात रक्त फार आहे.”

“दोन बाळंतपणं मी काढलीत, तुझ्या बाबांनी नव्हे,” ही म्हणाली. “रक्ताचं मला नको सांगूस. लाव.”

अशा रीतीने ‘किल बिल’ नावाच्या सिनेमाचा पहिला भाग आमच्या घरी सुरू झाला. क्वेंटिन टॅरंटिनो या अमेरिकन दिग्दर्शकाने तो २००३ साली काढला. दुसरा भाग २००४ साली आला. जगाने तो वीस वर्षांपूर्वीच पाहून संपवला. नागापूरला पोचायला इतकाच उशीर झाला.

गोष्ट आपल्या कीर्तनकाराने दहा मिनिटांत सांगावी इतकी सरळ आहे. टेक्सासमध्ये एल पासो गावाजवळ, एका छोट्या चर्चमध्ये, लग्नाची तालीम चालली आहे. नवरी गरोदर आहे. ती पूर्वी भाडोत्री मारेकऱ्यांच्या टोळीत होती आणि ते सोडून संसार करायला निघाली आहे. टोळीच्या म्होरक्याला, म्हणजे बिलला, हे खपत नाही. तो आणि त्याचे चौघे साथीदार येऊन सगळ्यांना गोळ्या घालतात. नवरी डोक्यात गोळी लागूनही मरत नाही. चार वर्षे बेशुद्ध पडून राहते, मग डोळे उघडते आणि वहीवर पाच नावे लिहून काढते. पाचही जणांना मारायचे. झाली गोष्ट. पहिल्या भागात तिचे नावही आपल्याला कळू देत नाहीत. कोणी उच्चारले की त्यावर पिपाणी वाजते.

एक गोष्ट मात्र मला तिथल्या तिथे चमकून गेली. या टोळीतल्या प्रत्येकाचे टोपणनाव सापाचे आहे. नवरीचे नाव आफ्रिकेतल्या एका अतिजहाल सापावरून, दुसरीचे पाणथळीतल्या सापावरून, तिसरीचे डोंगरी सापावरून. आणि बिल जो आहे तो या सगळ्यांचा गारुडी. मी हिला म्हटले, “अगं, हे तर सर्पसत्र आहे.” तक्षकाने परीक्षिताला मारले म्हणून जनमेजयाने यज्ञ मांडला आणि जगातले सगळे साप एकेक करून त्या आगीत पडू लागले, ती कथा. अख्खे महाभारत वैशंपायनाने सांगितले ते त्याच यज्ञाच्या मांडवात. म्हणजे आपला सर्वांत मोठा ग्रंथ एका सूडाच्या कार्यक्रमात सांगितला गेलेला आहे, हे माझ्या आजवर ध्यानात आले नव्हते; एल पासोच्या नवरीने ते आणून दिले.

पण साप बाजूला ठेवू. सुरुवातीच्याच एका प्रसंगाने मी आणि ही दोघेही एकदम गप्प झालो. नवरी एका टुमदार घराची बेल वाजवते. दार उघडणारी बाई यादीतली दुसरी. (गोष्ट क्रमाने सांगत नाहीत, पहिले नाव आधीच खोडलेले असते, ते कसे खोडले ते शेवटी दाखवतात.) दार उघडताच दोघींची जी जुंपते, की काचेची कपाटे, टेबले, फुलदाण्या, काही म्हणजे काही शिल्लक राहत नाही. आमची ही ‘अरे देवा, नवं कपाट’ असे दोनदा म्हणाली. दोघींच्या हाती सुरे. आणि तेवढ्यात मागच्या मोठ्या खिडकीतून पिवळी शाळेची बस येऊन थांबलेली दिसते. चार वर्षांची मुलगी दप्तर घेऊन उतरते. ती दार उघडून आत येईतो दोघींनी सुरे पाठीमागे लपवलेले असतात. आई म्हणते, काही नाही गं, कुत्र्याने पसारा केला.

मुलीला आत पाठवून दोघी स्वयंपाकघरात कॉफी प्यायला बसतात. हे अगदी आपल्याकडच्यासारखे आहे: भांडण कितीही मोठे असो, आलेल्याला चहा विचारायचा. मग ती आई मुलीच्या न्याहारीच्या खोक्यात लपवलेल्या पिस्तुलातून गोळी झाडते. नेम चुकतो. नवरी सुरा फेकते, तो चुकत नाही.

“चिवड्याच्या डब्यात पिस्तूल!” ही म्हणाली, पण पुढचे शब्द तिच्या तोंडातच राहिले. स्वयंपाकघराच्या दारात ती मुलगी उभी होती. रडत नव्हती. नुसती बघत होती. नवरी तिला शांतपणे सांगते की, हे तुझ्यासमोर व्हायला नको होते. पण तुझ्या आईने हे स्वतःवर ओढवून घेतले होते, आणि मोठी झाल्यावर तुला याचा सल राहिलाच, तर ये, मी वाट पाहीन. एवढे बोलून सुरा पुसून ती निघून जाते, गाडीत बसते आणि वहीतले नाव खोडते.

“आणि त्या पोरीला जवळ कोण घेणार आता?” हिने विचारले.

“आई, पिक्चर पुढे आहे,” चिरंजीव म्हणाले.

“असेल. मी पोरीचं विचारतेय.”

त्याचे उत्तर चिरंजीवांपाशी नव्हते आणि पुढच्या दीड तासात सिनेमानेही दिले नाही.

आता रक्ताबद्दल. रक्त होते, आणि ते मोजून नव्हे तर नळ सोडल्यासारखे होते. हात तुटला की खांद्यातून कारंजे. मी बिचकून डोळ्यांवर हात घेतला, मग बोटांच्या फटीतून पाहिले, आणि थोड्या वेळाने हात खालीच घेतला. कारण ते खोटे होते, आणि आपण खोटे आहोत हे ते लपवत नव्हते. लहानपणी यात्रेत तमाशा यायचा. वगातल्या दुष्ट प्रधानाचे मुंडके उडाले, की पडद्याआडून कोणीतरी तांबड्या रंगाचा अख्खा तांब्या भिरकावत असे. पुढे बसलेल्यांच्या टोप्या लाल व्हायच्या आणि लोक त्या न धुता मिरवायचे. चिरंजीवांनी सांगितले की जपानी सिनेमात याची जुनी परंपराच आहे. कुरोसावाच्या ‘सांजुरो’ या १९६२ सालच्या चित्रपटात शेवटी तलवारीचा एकच वार होतो आणि छातीतून रक्ताची अशी काही चिळकांडी उडते की पाहणारे गार पडावेत. १९७३ साली ‘लेडी स्नोब्लड’ नावाचा, सूड घेणाऱ्या एका बाईचाच चित्रपट तिकडे निघाला होता. टॅरंटिनोने त्या सगळ्याला नमस्कार घातला आहे म्हणे. तमाशाला घातला असता तर आम्हांलाही बरे वाटले असते.

‘शोले’चे तसे नव्हते. तो मुंबईत लागला १५ ऑगस्ट १९७५ रोजी, आणीबाणीच्या दिवसांत. आमच्याकडे बराच उशिरा आला. मी तेव्हा कॉलेजात होतो. त्यात गब्बर एका पोरसवदा मुलाला मारतो. मौलवीचा तो मुलगा म्हणजे आपला सचिन पिळगावकर. ते मारणे आम्हांला दिसलेच नाही. गब्बर लोळत पडलेला असतो, हातावर एक मुंगी चालत असते, तो ती चिरडतो, आणि पुढच्या दृश्यात घोड्याच्या पाठीवरून प्रेत गावात येते. प्रत्यक्ष हत्येचे दृश्य कापून टाकले होते. शेवटही असाच बदलला होता: मूळ शेवटात हात गमावलेला ठाकूर खिळे ठोकलेल्या बुटांनी गब्बरला ठार करतो, सेन्सॉरला ते पसंत पडले नाही, म्हणून पोलीस येऊन ‘कायदा’ म्हणतात आणि ठाकूर थांबतो. पन्नास वर्षांनी, जून २०२५ मध्ये, इटलीतल्या बोलोन्या शहरी तो मूळ शेवट जोडून चित्रपट दाखवला गेला. ती बातमी वाचून मला जे समाधान वाटले ते मी हिला बोलून दाखवले नव्हते. पण ती मुंगी! पन्नास वर्षांत कितीतरी मारामाऱ्या विसरलो. ती मुंगी अजून हातावर चालते.

असो. ‘किल बिल’मधल्या नवरीकडे वळू. शुद्धीवर आली तेव्हा तिचे पाय लुळे असतात. एका गाडीच्या मागच्या बाकावर ती पडून राहते आणि पायाच्या अंगठ्याकडे टक लावून त्याला हल म्हणून सांगत राहते. तेरा तास. अंगठा हलतो, तेव्हा आम्ही तिघांनीही श्वास सोडला. मग यादीतल्या पहिल्या बाईचे बालपण येते, ते चक्क रंगीत चित्रांच्या कार्टूनमध्ये. ही मुलगी पलंगाखाली लपलेली, वर आईबापांची हत्या; तिचे तोंड दाबलेले. अकरा वर्षांची झाल्यावर ती त्याचा सूड उगवते आणि मोठेपणी टोकियोतल्या गुंडांची राणी होते. म्हणजे जिला मारायला आपली नवरी निघाली आहे, तीही कधीकाळी दारात उभी राहिलेली पोरच. हे त्या दिग्दर्शकाने सांगितले आणि सांगून तो पुढे निघून गेला. तो कुठेही थांबून समजावत बसत नाही, हा त्याचा गुण मानायचा की दोष, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

शेवटची लढाई टोकियोतल्या एका मोठ्या खानावळीत होते. राणीची अठ्ठ्याऐंशी जणांची पलटण, काळे कोट, काळे मुखवटे. (खरे अठ्ठ्याऐंशी नव्हते, नुसते नाव तसे होते, असे दुसऱ्या भागात कळते; चौतीस वर्षे साठ्याचे रजिस्टर सांभाळलेल्या माणसाला असली फसवणूक लागते.) समोर एकटी नवरी, पिवळ्या कपड्यांत. मारामारी रंगात आल्यावर चित्र एकाएकी रंगीतचे काळेपांढरे होते. जपानात दाखवलेल्या प्रतीत तो भागही रंगीत आहे. अमेरिकेत तांबडे फार झाले, म्हणून काळे केले. तिकडेही सेन्सॉरचे काका आहेतच. पलटणीतला शेवटचा म्हणून एक थरथरणारा पोरगा समोर येतो. नवरी त्याला मारत नाही. तलवारीच्या चपट्या बाजूने त्याच्या ढुंगणावर फटके देते आणि आईकडे घरी जा म्हणते.

“हे बरं केलंन,” ही म्हणाली. सबंध सिनेमाला तिने दिलेले हे एकमेव प्रशस्तिपत्रक.

आणि माझे काय झाले ते आता सांगतो. ती एकेकाला आडवे करत होती आणि मी मोजत होतो. पाट सोडून कधी पुढे सरकलो, कळले नाही. हिने भरायला दिलेली करंजीची पारी माझ्या मुठीत होती. एकदा ती जिन्यावरून मागे सरकली आणि चौघे तिच्यावर धावले, तेव्हा मी मोठ्याने ओरडलो, “मार! सोडू नकोस त्याला!”

चिरंजीव हसले. ‘बाबांना आवडला’ म्हणाले. ही हसली नाही. टीव्हीकडे तिचे लक्षच नव्हते. ती माझ्याकडे पाहत होती. मी मूठ उघडली. पारीचा लगदा झाला होता आणि सारण बोटांना चिकटले होते. मी ‘त्याला’ म्हणालो होतो, हे मला नंतर कळले. चौघे धावले होते. मी एकालाच मारायला सांगत होतो.

पुढे बर्फाच्या बागेत दोघींची शेवटची लढत होते. सगळे शांत, बर्फ पडतो आहे, आणि एक बांबूची नळी पाण्याने भरली की खाली येऊन टक् वाजते. सुंदर आहे, हे मला नाकबूल करता येत नाही. सिनेमा संपला. चिरंजीव झोपायला गेले. मी गच्चीवर गेलो.

वाचकहो, हे लिहावे की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. माझीही एक यादी आहे. तिच्यात एकच नाव आहे.

१९८९ साली आमच्या भांडारातून तांब्याच्या तारेची काही भेंडोळी नाहीशी झाली. ती बाहेर नेण्याच्या परवान्यावर सही होती माझ्या साहेबांची. चौकशी सुरू झाली तेव्हा तो परवाना सापडेना, आणि साहेबांनी लिहून दिले की माल माझ्या ताब्यात होता. मी निलंबित झालो. अकरा महिने. माझे वडील प्राथमिक शाळेतले मास्तर. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी मारुतीच्या पारावर चार माणसांत बसायचे. ते बसायचे थांबले. मला त्यांनी एका शब्दाने विचारले नाही. विचारले असते तर मी सांगितले असते. ज्येष्ठात ते गेले. श्रावणात मी निर्दोष असल्याचे पत्र आले. परवान्याची दुसरी प्रत फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या बाडात निघाली होती. साहेबांची बदली झाली, इतकेच. निवृत्त झाल्यावर त्यांनी सावेडीत, अगदी मनमाड रस्त्याला लागून, बंगला बांधला. मी नगरला जाताना ते घर डाव्या हाताला लागते. इतकी वर्षे मी त्या वळणाला उजवीकडे बघतो. उजवीकडे बघण्यासारखे काही नाही.

गच्चीवर कारखान्यांचे दिवे होते. मी त्यांत आमचा कारखाना शोधत होतो. थोड्या वेळाने ही शाल घेऊन वर आली.

“साहेब आठवले ना?” तिने विचारले.

“तुला कसं कळलं?”

“दर वर्षी कळतं. कारीट फोडताना.”

इथे खुलासा केला पाहिजे. आमची ही माहेरची कोकणातली. नगरला आली तरी नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानानंतर तुळशीपुढे कारीट फोडल्याशिवाय तिची दिवाळी उजाडत नाही. कारीट म्हणजे एक रानटी, कडूजहर, अंड्याएवढे फळ. ते डाव्या पायाच्या अंगठ्याखाली चिरडायचे. चिरडला तो नरकासुर. मग त्याचा रस बोटाने जिभेला लावायचा. हे इतकी वर्षे मी पुण्यकर्म म्हणून करत आलो. पण त्या रात्री गच्चीवर उभा राहिल्यावर जाणवले, की राक्षसाला पायाखाली मारून त्याचे रक्त जिभेला लावायचे, आणि वर फराळाला बसायचे, यापेक्षा टॅरंटिनोने वेगळे काय केले आहे? आमच्या नरकासुराला चेहरा नसतो, इतकेच. ज्याने त्याने तो आपापला बसवावा. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले तेव्हा प्रेक्षकांनी कीचकाला कर्झनचा चेहरा बसवला आणि १९१० साली सरकारला त्या नाटकावर बंदी घालावी लागली. मी माझ्या कारिटाला पस्तीस वर्षे साहेबांचा चेहरा बसवत होतो. तोंडाने ‘गोविंदा, गोविंदा’ म्हणायचो, मनात दुसरे नाव. ते हिला कळत नसेल, असे मला वाटत होते.

“बाबांचं मला वाईट वाटतंच,” ही म्हणाली. “पण मी मघापासून त्या दारातल्या पोरीचा विचार करतेय.”

“सिनेमा आहे तो.”

“मग तुम्ही कुणाला मार म्हणालात?”

मी उत्तर दिले नाही. ती शाल देऊन खाली गेली. मला आईचे ‘आस्तिक, आस्तिक’ आठवले. ज्या मुलाने जनमेजयाचे सर्पसत्र थांबवले त्याचे हे नाव. त्याची आई नागकन्या होती. दोन्हीकडचे रक्त त्याच्या अंगात. त्याने तलवार काढली नाही, यज्ञ थांबवण्याचा वर मागितला. जनमेजयाने तो दिला, पण लगेच दिला नाही, मोठ्या नाखुशीने दिला. आणि मला जनमेजयाचे काही चुकले असे त्या रात्री तरी वाटले नाही. बाप मेलेला होता त्याचा.

धनत्रयोदशीला कारीट आणायला मी नगरला निघालो. आमच्याकडे ते मिळत नाही. कापड बाजाराच्या तोंडाशी एखादी म्हातारी फडक्यावर ढीग घालून बसते. स्कूटर सावेडीच्या वळणाला आली आणि का कोण जाणे, मी डावीकडे पाहिले. बंगल्याच्या फाटकाशी मातीचा किल्ला केला होता. साहेब व्हरांड्यात चाकांच्या खुर्चीवर बसले होते. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली, असे मी मागे ऐकले होते. ऐकून दोन घास जास्त जेवलो होतो, तेही आता लिहूनच टाकतो. किल्ल्याशी एक पाचसहा वर्षांची मुलगी उकिडवी बसली होती. हात कोपरापर्यंत चिखलाचे.

मी स्कूटर थांबवली. उतरायचे असे ठरवले नव्हते.

“आजोबा,” ती मला म्हणाली, “हा मावळा सारखा पडतोय.”

“खाली ओली माती लाव.”

“लावली. तरी पडतो. तुम्ही लावता?”

व्हरांड्यातून साहेब पाहत होते. त्यांनी मला ओळखले की नाही, ते सांगता येत नाही. डावा हात खुर्चीवरून थोडा वर झाला आणि पुन्हा खाली गेला. माझ्या मनात आलेले वाक्य तयार होते. पस्तीस वर्षे घोटलेले होते, त्यातला एकही शब्द बदलायची गरज नव्हती. फाटक उघडे होते. ते वाक्य आणि साहेब यांच्यामध्ये ती पोर मावळा हातात धरून बसली होती.

मी मावळा घेतला. त्याचा एक पाय साच्यातच आखूड आला होता. आखूड पायाखाली खडा दिला, भोवती माती दाबली. उभा राहिला, पण तिरका.

“तिरका आहे,” ती म्हणाली.

“पहाऱ्यावर आहे, वाकून खाली बघतोय.”

हे तिला पटले. तिने मला दुसरा मावळा दिला; त्याला काही झाले नव्हते. मी तोही लावला आणि निघालो. साहेबांशी बोललो नाही. त्यांना मी क्षमा केली असे कोणी समजू नये, केलेली नाही. परत येताना त्या वळणाला मी कोणीकडे पाहिले, ते आठवत नाही. कारिटांची पिशवी हँडलला लटकत होती आणि ट्रक फार होते.

नरकचतुर्दशीला पहाटे हिने तेल लावले, उटणे लावले, चिरंजीवांना तिसऱ्या हाकेला उठवले. तुळशीपुढे पणती होती. मी डाव्या अंगठ्याखाली कारीट घेतले. ‘गोविंदा, गोविंदा’ म्हणालो. दुसरे नाव सवयीने ओठांशी आले आणि त्याच वेळी, कुठून कोण जाणे, तो तिरका मावळा डोळ्यांपुढे उभा राहिला. कारीट फुटले, बिया तुळशीच्या कठड्यावर उडाल्या. मी तसाच उभा होतो. रस जिभेला लावायचा राहिला, हे माझ्या लक्षात आले तेव्हा चिरंजीव पुढे होऊन आपले कारीट फोडत होते.

“कडू होतं का यंदा?” हिने विचारले.

“होतं की,” मी म्हणालो.